नांगर कोणता?

(नाना पेठेतल्या एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, पाळकसाहेब, आणि ‘काहीतरी बायबलवर आहे, या’ एवढंच सांगून ज्यांना इथे आणून बसवलंय ते पेठेतले शेजारी, नमस्कार आणि जय ख्रिस्त. शेजाऱ्यांनी निर्धास्त असावं. शेवटी चहा आहे, पण हे १८९० साल नाही. तेव्हा पंचहौद मिशनात मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांच्या मागे प्रायश्चित्ताचं लचांड लागलं, तुमच्या लागणार नाही. (हशा) बिस्किटांची हमी मात्र मी देत नाही.

पत्रिकेत विषय छापलाय ‘ख्रिस्ती विश्वास आणि जगण्याची आशा’. तीन मुद्दे लिहून आणलेत. पण त्याआधी एका फ्लेक्सबद्दल बोलतो, वर्षभर ते पोटात अडकून आहे.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वर्धापनदिनाला दहा बाय चारचा फ्लेक्स करायचं ठरलं. वचन निवडायचं काम माझ्याकडे. मी इब्री लोकांस पत्रातलं निवडलं, सहावा अध्याय, एकोणिसावं वचन: आशा ही आपल्या जिवाचा नांगर आहे. दुकानात मजकूर व्हॉट्सअ‍ॅपनं पाठवला आणि खाली लिहिलं, ‘योग्य ते चित्र टाका.’ चूक ती इथे झाली. उपासना नऊची. फ्लेक्स आला नऊला वीस कमी असताना. उलगडला तर निळं आभाळ, काळं रान, खिल्लारी बैलजोडी, मागे पटकेवाला शेतकरी आणि मातीत घुसलेला लोखंडी नांगर! वर सोनेरी अक्षरांत ‘इब्री ६:१९’. (हशा)

फोन लावला. तो म्हणाला, ‘सर, तुम्ही नांगर म्हणालात, नांगर दिला.’ म्हटलं, अहो, जहाजाचा! तर म्हणे, ‘पुण्यात जहाज कुठलं? मुठेत?’ (हशा) याला काय उत्तर देणार? वडील मंडळींत तट पडले. एकजण म्हणाले, पाठ करून टांगा. खजिनदारांनी विचारलं, पैसे दिलेत का? दिले होते. मग सरळच टांगला.

उपासना सुटल्यावर दारात उभा राहून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला खुलासा करत होतो. आमच्या मंडळीत एक मावशी आहेत, मूळच्या नगरकडच्या. लहानपण शेतात गेलं, पुढे पुण्यात नर्सची नोकरी केली. आदल्या पावसाळ्यात त्यांचा थोरला मुलगा गेला होता. त्यांनाही मी सुरू केलं, ‘मावशी, नांगर चुकलाय.’ त्या थांबल्या, पदरानं चष्मा पुसला, चित्र नीट पाहिलं. म्हणाल्या, ‘नांगर बरोबर हाय. बैल कमी हायेत. असल्या रानात लोखंडी नांगराला एक जोडी पुरत नसती.’ चपला घातल्या आणि गेल्या.

घरी येऊन मी शब्दांच्या मागे लागलो. शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’वरून आला, जहाजाचा फारसी ‘लंगर’वरून. दोन गावचे दोन पाहुणे मराठीत येऊन एकाच नावानं राहिले. मूळ ग्रीक पत्रात शब्द आहे ‘अंकुरा’, म्हणजे जहाजाचाच. रोमच्या भुयारी दफनभूमीत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी कबरींवर तो कोरलाय. तेव्हा अर्थ म्हणून फ्लेक्सवाला चुकलाच. पण लूकच्या शुभवर्तमानात प्रभू म्हणतो की नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याच्या उपयोगाचा नाही, तो नांगर शेतातला. आम्ही ही दोन्ही वचनं लहानपणी एकाच दमात पाठ केली. आशा म्हटलं की काहीतरी आपल्याला घट्ट धरतं आणि आतून उकरतंही, हे मराठी ख्रिस्ती माणसाला फुकटात मिळालंय.

आणि आपण त्याचं काय करतो? माती झाली की तिसऱ्या दिवशी त्या घरी जातो, ‘देवाची इच्छा’ म्हणतो, ‘आशा धरा’ म्हणतो. जणू पॅरासिटामॉलच, जेवणानंतर एक! मीही म्हटलंय. त्या मावशींच्याच घरी म्हटलंय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं.’ खाली दोन रेघा आहेत. बरं, मुद्दे पळवतो.

पहिला. ख्रिस्ती आशा म्हणजे ‘होईल सगळं चांगलं’ नव्हे. पुनरुत्थान झालेला येशू थोमाला काय दाखवतो? हातातले व्रण. मरणातून उठला, तरी व्रण पुसले गेले नाहीत.

दुसरा. पंडिता रमाबाई. दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील, बहीण गेली. पुढे भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा. केडगावात त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू-ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. १९२१ साली मनोरमा, एकुलती मुलगी, गेली. १९२२च्या एप्रिलमध्ये बाई स्वतः. शेवटपर्यंत भाषांतराचं काम सोडलं नाही. हा नांगर दोन्हींपैकी कोणता, ते तुम्ही ठरवा, मला वेळ नाही.

तिसरा, आणि खरं तर यासाठीच आलो होतो. बायबलातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय सत्तावीस. वादळात प्रेषित पौल ज्यात आहे ते जहाज खडकावर आपटेल या भीतीनं खलाशी रात्री मागच्या बाजूनं चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट पाहतात. चार! एकानं भागत नाही. काही खलाशी होडी सोडून निसटायला बघतात, तर पौल म्हणतो, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव नाही. मग भाकरी मोडतो आणि सगळ्यांना खायला लावतो. दोनशे शहात्तर माणसं. जहाज फुटतंच, माणसं मात्र सगळी किनाऱ्याला लागतात. मावशींना हा अध्याय मी वाचून दाखवला. म्हणाल्या, ‘मंग? मी काय म्हणलं व्हतं?’

दुसरी चिठ्ठी. थांबतो. मघाशी मागून कोणीतरी विचारलं, तो फ्लेक्स कुठंय. मावशींनी मागून नेला. मुलाची मोटारसायकल अजून जिन्याखाली उभी आहे, तिच्यावर घातलाय. बैल आतल्या बाजूला.

चहा घेऊन जा.