बर्थ मोरिझो कुठे उभी राहिली?

मंडळी, निसर्गचित्र करायला बाहेर पडायचं म्हणजे काय, हे रंगपेटी घेऊन हिंडणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको. स्पॉटवर जाऊन बसावं तर अर्ध्या तासात ऊन सरकतं, आणि पाठीमागे चार बघे जमतात. मी स्वतः बरीच वर्षं हे करत आले आहे, म्हणून एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच चित्रकार बर्थ मोरिझो हिचं कुठलंही चित्र समोर आलं की पहिला प्रश्न मनात येतो तो हा : ही बाई हे रंगवताना उभी कुठे होती?

हे १८७५ सालचं चित्र बघा. लग्न होऊन काही महिने झालेत, नवरा-बायको इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर गेलेत. तिथे धक्क्यावर बसून बोटी रंगवायचा तिनं प्रयत्न केला. वारा सुटलेला, आणि बोटी एका जागी राहीनात. तिच्या पत्रांत ही सगळी चिडचिड आहे. मग ती खोलीत आली आणि तिनं खिडकीच रंगवली. खुर्चीत वळून बाहेर बघणारा नवरा उजेन, पडदा, फुलझाडांच्या कुंड्या, कुंपण, त्यापलीकडे एक मुलगी आणि एक बाई, आणि सगळ्यात मागे पाणी व बोटी. त्या बाईचा चेहरा खिडकीच्या चौकटीआड गेलाय. तो मोकळा करायला एखाद्यानं चौकट वर सरकवली असती. तिनं ती दिसली तशी ठेवली. मला हे चित्र फार आवडतं. त्यात बाहेरचा उजेड तर आहेच, पण तो आतून बघणारी व्यक्तीही आहे.

बर्थचा जन्म १८४१ चा, बुर्ज गावातला. घर सुखवस्तू सरकारी अधिकाऱ्याचं. ती आणि थोरली बहीण एडमा, दोघी चित्रं शिकत होत्या. त्यांचे शिक्षक गिशार यांनी आईला आधीच सावध केलं होतं : या मुली हौसेपुरतं शिकून थांबणाऱ्या नाहीत, चित्रकार होतील, आणि तुमच्यासारख्या घरात तो उत्पात ठरेल. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेची दारं बायकांना १८९७ मध्ये उघडली. बर्थ त्याआधी दोन वर्षं वारली होती. बहिणींना उघड्यावर रंगवायला शिकवलं ते निसर्गचित्रकार कोरो यांनी. १८६४ च्या सरकारी प्रदर्शनात, म्हणजे सालाँमध्ये, तिची निसर्गचित्रं लागली. १८७४ पासून मोने, पिसारो, दगा यांच्याबरोबर ती दृक्प्रत्ययवाद्यांच्या, म्हणजे इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या, आठपैकी सात प्रदर्शनांत होती. चुकलं ते १८७९ चं, मुलगी झुली तान्ही होती तेव्हाचं. ‘पाच-सहा वेडे, त्यात एक बाई’ असं १८७६ मध्ये एका समीक्षकानं छापलं, तरी ती पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

तिच्या कुंचल्याचा फटकारा जवळून बघायचा तर ब्वा द बुलोन्य या पॅरिसमधल्या मोठ्या उद्यानातल्या तळ्यातल्या होडीचं चित्र घ्या. दोन बायका होडीत बसल्यात. पाण्यावरचे फटकारे नागमोडी, घाईघाईत ओढल्यासारखे. तसलेच झग्यावर, तसलेच काठच्या हिरव्यात. पाणी कुठे संपलं आणि कापड कुठे सुरू झालं, हे जवळ गेल्यावर सांगता येत नाही. चार पावलं मागे या, की होडी डुलायला लागते. ‘अपुरं’ म्हणून तिला नावं ठेवली गेली ती याच कामासाठी. मला विचाराल तर त्यात आणखी एक फटकारा घालायला जागा नाही.

आता शेवटचं चित्र, फ्रान्समधल्या लोरिआं गावचं बंदर, १८६९. त्याच वर्षी एडमाचं एका नौदल अधिकाऱ्याशी लग्न झालं आणि तिचं रंगवणं थांबलं. आपण मनानं अजून तुझ्या स्टुडिओतच असतो, असं ती बर्थला लिहायची. बर्थ तिला भेटायला लोरिआंला गेली आणि धक्क्यावर बसून हे केलं. मधोमध स्वच्छ, शांत पाणी, त्यात बोटींची प्रतिबिंबं. उजव्या कोपऱ्यात कठड्यावर पांढऱ्या कपड्यांत, हातात छत्री घेऊन, एडमा. चेहऱ्याला जेमतेम दोन-चार ठिपके. तिची नजर बोटींकडे नाही, बहिणीकडेही नाही.