सागवानी टेबल, जुन्या खुर्च्या आणि मधला रंग

सहा फूट बाय तीन फुटांचं सागवानी जेवणाचं टेबल. खुर्च्यांचं पॉलिश अजून ठणठणीत आहे, टेबलाची वरची फळी मात्र पार गेलीय. काम फक्त फळीचं आहे, पण झाल्यावर ती खुर्च्यांच्या शेजारी उपरी वाटता कामा नये. खरी मेख तिथेच आहे.

आधी डाग बघू. गरम भांड्याखालचं पांढरट वर्तुळ बहुतेक वेळा पॉलिशच्या थरातच असतं, लाकडापर्यंत गेलेलं नसतं. हळदीचा डाग उन्हाने फिका पडतो, त्याची फार चिंता नको. या फळीवरचा काळा गोल मात्र ओल्या लोखंडी कढईचा आहे. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) पाण्यात एकत्र आलं, की हा काळा रंग तयार होतो, आणि तो घासून सहसा जात नाही.

आता जुनं पॉलिश कसलं ते ओळखायचं. टेबलाच्या पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा मिनिटभर धरा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं, तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे घट्ट बसणारी कृत्रिम पॉलिशं; त्याला पॉलिश काढणारा रिमूव्हर लावावा लागेल, तोही खिडक्या उघड्या ठेवून आणि हातमोजे घालून.

पॉलिश पेपर मारण्याआधी फळीची कड बघा. लाकडाच्या वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर लाकूड भरीव. कडेला वेगळी पट्टी ठोकलेली असेल तर वर बहुधा विनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा आहे, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचं. त्यावर मशीन चालवू नका. कोपऱ्यात आधी प्लायवूड उघडं पडतं आणि मग ते कुठल्याच रंगाने झाकत नाही.

आपली फळी भरीव आहे. १२० नंबरचा पेपर, मग १८०, शेवटी २२०. दर वेळी फळीवर पेन्सिलीने वेड्यावाकड्या रेघा ओढायच्या. त्या सगळीकडून गेल्या की पुढचा नंबर. शेवटचा हात मशीनने नाही, हाताने आणि रेषांच्या दिशेने. मशीनचे गोल ओरखडे आता दिसत नाहीत, स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावल्यावर वर येतात.

काळ्या डागासाठी एक लिटर गरम पाण्यात साधारण १०० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड. ते विषारी आहे, तेव्हा हातमोजे घालायचे आणि डबा मुलांपासून लांब ठेवायचा. फक्त डागावर नाही, पूर्ण फळीवर लावा, नाहीतर डागाच्या जागी फिकट चकंदळ उरेल. मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या. नंतर २२० चा हलका हात मारताना मास्क हवाच. स्टील वूल या कामात वापरू नका. त्याचे कण अडकले तर नवे काळे ठिपके पडतात.

आता रंग, आणि इथे घाई नडते. ताजा घासलेला साग हिरवट, ठिगळं लावल्यासारखा दिसतो. दोन-चार दिवस उजेडात उघडा राहिला की सोनेरी होऊन एकसारखा होतो. तेवढे दिवस फळीवर काहीही ठेवायचं नाही, ठसा उमटतो. त्यानंतरच खुर्ची शेजारी आणायची.

डब्यावरच्या नावावर भरवसा ठेवू नका. एका कंपनीची वॉलनट (अक्रोडी) छटा दुसरीपेक्षा तांबूस निघते. नमुना फळीच्या खालच्या बाजूला करायचा, तीही २२० पर्यंत घासलेली असली पाहिजे. खडबडीत लाकूड जास्त रंग पितं. वर पॉलिशचा एक हात दिल्याशिवाय रंग ठरवू नये, कोरडा स्टेन नेहमी फिका आणि धुरकट दिसतो. मग दिवसाच्या उजेडात बघा, आणि रात्री जेवणाच्या वेळचा जो दिवा असतो त्यातही.

फार तांबूस वाटला तर त्याच कंपनीच्या हिरव्या स्टेनचे थेंब, एकेक करून. गडद करता येतो, फिका करता येत नाही, म्हणून सुरुवात हलक्या छटेने. पाव लिटर एकदाच कालवून ठेवा. अर्ध्यात संपला तर दुसरं मिश्रण हुबेहूब जमत नाही.

सागाच्या अंगचं तेल थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. स्टेन फडक्याने लावा आणि दोन-तीन मिनिटांत जादाचा काढा. राहिलेला चिकटतो, त्यावर पॉलिश धरत नाही. फळीची टोकं रंग जास्त ओढतात, ती आधी ३२० ने घासून घ्या. तेलाचा स्टेन दिवसभर वाळू द्या.

जेवणाच्या टेबलाला वरचं पॉलिश पीयूचंच बरं. लाख गरम भांड्याला टिकत नाही. पण पाण्यासारख्या पारदर्शक पीयूमुळे फळी खुर्च्यांपेक्षा थंड दिसते, कारण त्यांचं जुनं पॉलिश पिवळट झालेलं असतं. त्यावर उपाय म्हणजे पीयूखाली मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात. मेण राहिलं तर पीयू सुटतो. लाखेचा बोळा एकदाच फिरवा. स्पिरिटचा स्टेन असेल तर तो पुन्हा विरघळून ओढला जातो, तिथे लाख फवाऱ्यानेच मारावी.

पावसाळ्यात, निदान कोकणात आणि मुंबईत, हे काम टाळा. दमट हवेत लाखेवर पांढरी झाक येते. शेवटचा हात झाल्यावर आठवडाभर वर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, त्याची नक्षी पॉलिशमध्ये कायमची बसते.