एमएस आणि ऑक्सिजनची दुसरी बाजू

नमस्कार श्रोतेहो.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसमध्ये प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते, हे तुम्ही ऐकलं असेल. पण उलटलेल्या पेशी नुकसान करतात ते कशाने? मला हा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

त्यांचं एक मोठं हत्यार म्हणजे ऑक्सिजनपासून बनणारे आक्रमक रेणू. खरं तर ते जंतू मारण्यासाठी असतात. एरवीही शरीरात ते थोडेफार तयार होतात आणि शरीरच त्यांना निकामी करतं. हा मेळ बिघडला, की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस सुरू होतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन तो वापरतो सुमारे २० टक्के. त्यातही सगळ्यांत नाजूक ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी. मज्जातंतूंभोवतीचं मायलिनचं आवरण त्याच घडवतात. मायलिन मुख्यतः चरबीचं, आणि चरबीवर हे रेणू चटकन तुटून पडतात. शिवाय या पेशींत लोह भरपूर, पण बचावाला लागणारं ग्लुटाथायोन कमी. पेशी मेली की तिच्यातलं लोह बाहेर पडतं, त्यातून आणखी घातक रेणू तयार होतात आणि शेजारच्या पेशीची पाळी येते. काही रुग्णांच्या मेंदूतल्या जुन्या व्रणांभोवती लोहाची कड विशिष्ट प्रकारच्या एमआरआयमध्ये चक्क दिसते. असे व्रण वर्षानुवर्षं धुमसत राहतात.

आवरण गेलेल्या तंतूला संदेश पुढे न्यायला जास्त ऊर्जा लागते. नेमके तेव्हाच ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया जायबंदी झालेले असतात. शेवटी तंतूच मरतो. एमएसचा नवा अटॅक, म्हणजे लक्षणांचा अचानक उफाळा, न येताही काहींचं चालणं हळूहळू बिघडत जातं, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेऊन भागेल? तर्काला पटतं, पण व्हिटॅमिन ईसारख्या गोळ्यांनी एमएस रोखला जातो, याला भक्कम पुरावा नाही. डायमिथाइल फ्युमरेट या औषधाची गोष्ट वेगळी. अमेरिकेत २०१३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते शरीराची स्वतःची बचावयंत्रणा जागी करतं, पण त्याच वेळी रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या, पेशीही कमी करतं. त्यामुळे त्याच्या यशातला नेमका किती वाटा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी केल्याचा, हे वेगळं काढता येत नाही. लिम्फोसाइट फारच घटले तर संसर्गाचा धोका असतो, म्हणून हे औषध चालू असताना ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं.