काचेच्या कौलाखालची शाळा

(दृश्य: वर्गातला कवडसा)

एवढ्या कौलांत एकच कौल काचेचं. सकाळी त्याचा कवडसा फळ्याखाली पडतो आणि दुपारपर्यंत सरकत उंबऱ्याकडे येतो. पाट्या घेतलेल्या या पोरांकडे बघा. कवडशामागं तीही सरकतात.

हा कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, भीमगड अभयारण्याचा परिसर. मलप्रभा जिथं उगम पावते ते कणकुंबी याच घाटमाथ्यावर. मराठी माध्यमाची ही सरकारी शाळा दोन खोल्यांची. पहिली ते तिसरी नली-कलीच्या, म्हणजे खेळत शिकण्याच्या पद्धतीच्या, गोलात एकत्र बसते, चौथी-पाचवी भिंतीपलीकडे.

(दृश्य: पाऊस. बाईंनी मोबाईलवर टिपलेला)

या पट्ट्यात वर्षाला 4000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. झड आत येते म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या, मग अकरा वाजताही फळा दिसत नाही. विजेची तार गावात आहे, पण ती जंगलातून येते. एक झाड आडवं झालं की लाईट गेली, आणि लाईनमनला पोचायला रस्ता तरी हवा!

(दृश्य: ओढा)

शाळेच्या सोलरचं सामान आणणारा टेम्पो इथंच थांबला. पुढं सगळं खांद्यावरून. एकेक पॅनेल वीस किलोच्या वर, काच सांभाळत न्यायचं. बॅटरी पन्नास-साठ किलोची, बांबूला बांधून दोघांनी उचललेली. माणसं गावातलीच. मजुरी कुणी घेतली नाही.

मंगळुरी कौलांवर पॅनेल बसवणं जिकिरीचं, म्हणून अंगणात लोखंडी स्टँड. तोंड दक्षिणेला. बेळगाव साधारण 16 अक्षांशावर, म्हणून कलही जवळपास 16 अंशांचा. जागा ठरली आणि तेवढ्यात एका आजोबांनी फणसाकडे बोट केलं. तिसऱ्या प्रहरी त्याची सावली इथं येते म्हणाले. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी अख्ख्या पॅनेलची वीज घटते. फांदी तोडायची की स्टँड हलवायचा, यावर बराच वेळ गेला. स्टँड हलला.

(दृश्य: अर्थिंगचा खड्डा)

वळवाच्या विजा इथं फार, त्यामुळं अर्थिंग नीट हवंच. मीठ आणि कोळसा, थरावर थर. कोळसा घराघरांतल्या चुलींतून आला.

चार पॅनेल मिळून 1.3 किलोवॅट. चार एलईडी ट्यूब, दोन पंखे आणि एक टीव्ही, एवढ्याला दिवसाकाठी सव्वा-दीड युनिट पुरतं. स्वच्छ उन्हात पाच युनिट मिळतात. मग एवढं मोठं कशाला? कारण हिशेब आषाढाचा धरलाय. चैत्रातलं ऊन मोजून बसवलेलं सोलर या घाटमाथ्यावर जुलैत शाळेला अंधारातच ठेवतं. सीमाभागातल्या ज्या ज्या शाळेला सोलर द्यायचं, तिथं हा हिशेब आधी झाला पाहिजे.

(दृश्य: ट्यूब लागते. निवेदन थांबते. पोरांचे चेहरे)

आता टीव्हीवर मराठी कविता लागतात, कन्नडची अक्षरं लागतात, आणि संध्याकाळी तासभर अभ्यासाला खोली उघडी असते.

(दृश्य: वही)

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायची पाळी पालकांनी वाटून घेतली आहे. पाच-सहा वर्षांनी बॅटऱ्या बदलाव्या लागतील. त्यासाठी शाळेच्या एसडीएमसीनं, म्हणजे पालकांच्या शाळा समितीनं, घरटी महिना दहा रुपये गोळा करायला सुरुवात केली आहे. ही त्याची वही. पहिल्या पानावर सगळ्या घरांची नावं आहेत, आणि सगळ्यांपुढं बरोबरची खूण.