आयपी ६८ आणि नागपूरचं ऊन

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनच्या खोक्यावर आयपी ६७ किंवा आयपी ६८ असं काहीतरी छापलेलं असेल. सीताबर्डीच्या बाजारातला सेल्समन त्याचा अर्थ एका दमात सांगून मोकळा होतो : "वॉटरप्रूफ आहे सर, बिनधास्त पाण्यात टाका." टाकू नका.

आयपी ही धूळ-पाण्यापासून संरक्षणाची खूण, आणि तो आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा निकाल आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकानुसार ही चाचणी होते. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही हेच मानक स्वीकारलं आहे. पहिला आकडा धुळीचा, शून्य ते सहा. दुसरा पाण्याचा, शून्य ते नऊ. आकड्याच्या जागी एक्स असेल तर त्या बाबतीत काही सांगितलेलं नाही, एवढंच समजायचं.

धुळीची चाचणी बघण्यासारखी असते. बंद पेटीत टाल्कम पावडर सतत उडत ठेवतात. फोनसारख्या वस्तूच्या आतली हवा पंपाने थोडी ओढून घेतात, म्हणजे पावडर फटीफटीतून आत घुसायला बघते. हे आठ तास चालू शकतं. नंतर उघडल्यावर आत कणही नसेल तर सहा. थोडी गेली, पण काम बिघडलं नाही, तर पाच. एप्रिलमध्ये आपल्या सिमेंट रस्त्यांवरून जी धूळ उठते, तिच्यासाठी सहाचा फोन उत्तमच. मात्र चार्जिंगचं भोक (पोर्ट) आणि स्पीकरची जाळी या सीलच्या बाहेरच्या जागा. तिथे धूळ साचणारच, आणि मग लोक टाचणीने कोरत बसतात. जाळीमागचा नाजूक पडदा त्यातच फाटतो.

पाण्याच्या बाबतीत मोठा गैरसमज असा, की आकडा वाढला की खालचं सगळं त्यात आलंच. सहापर्यंत ते खरं आहे. चार म्हणजे शिंतोडे, पाच आणि सहा म्हणजे पाण्याची धार. सहाच्या चाचणीत मिनिटाला १०० लिटर पाण्याचा मारा होतो. सात आणि आठ म्हणजे बुडवणं, आणि बुडवण्यात पास झालेली वस्तू धारेत टिकेलच असं मानक म्हणत नाही. दोन्ही जमत असेल तर कंपनी दोन्ही आकडे लिहिते : आयपी ६६/६८.

सातला १ मीटर पाणी आणि ३० मिनिटं ठरलेली. आठला खोली आणि वेळ कंपनीच ठरवते, फक्त सातपेक्षा कडक हवी. म्हणून एकाचा ६८ दीड मीटरचा, तर दुसऱ्याचा ६ मीटरचा. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायची ती इथे.

आता आपल्या गावाचा मुद्दा. सातच्या चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक चालत नाही. आणि आपण काय करतो? मे महिन्यात उन्हात उभ्या कारच्या डॅशबोर्डवर फोन ठेवतो. तो सहज ६० अंशांवर जातो. तोच फोन तसाच २५ अंशांच्या पाण्यात पडला, तर आतली हवा थंड होऊन तिचा दाब साधारण दहा टक्क्यांनी उतरतो. हा फरक जवळजवळ १ मीटर पाण्याच्या दाबाएवढा. म्हणजे फोन बादलीत वीतभर बुडाला, पण सीलवर ताण आला मीटरभर खोलीचा.

शिवाय ते सील म्हणजे गोंद आणि रबर. कुकरचं रबर जसं वर्षा-दोन वर्षांत कडक पडतं, तसंच हेही उन्हाने आणि वापराने म्हातारं होतं. चाचणी नव्या नमुन्याची असते, तुमच्या तीन उन्हाळे खाल्लेल्या फोनची नाही. एकदा बॅटरी बदलायला उघडला, की जुना आकडा विसरायचा.

पाणीही स्वच्छ, गोडं धरलेलं असतं. २३ सप्टेंबर २०२३ला पहाटे नागपुरात पूर घरांत शिरला, त्या गाळाच्या पाण्याची चाचणी कुणी घेत नाही. साबणाचं, क्लोरीनचं, समुद्राचं पाणी याच वर्गातलं. ऑस्ट्रेलियात सॅमसंगला २०२२ साली १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला तो यावरूनच : जाहिरातीत फोन समुद्रात आणि तरणतलावात, आणि प्रत्यक्षात ओल्या पोर्टमध्ये चार्जर लावला की गंजण्याचा धोका.

वॉरंटीचं थोडक्यात सांगतो. बहुतेक कंपन्या पाण्याचं नुकसान धरत नाहीत. बऱ्याच फोनांत सिमच्या खाचेत टॉर्च मारून पाहिलं तर पांढरी टिकली दिसते. पाणी लागलं की ती लाल होते, आणि सर्व्हिस सेंटरवाला आधी तीच बघतो.

"भिजलेला फोन तांदळात ठेवला तर?" असं मागून कुणीतरी विचारलं. नको. तांदळाचे कण आणि पीठ पोर्टमध्ये जातं. पोर्ट खाली करून हलकेच झटका, चार्जर अजिबात लावू नका, आणि फोन पंख्यासमोर ठेवा. पंख्यासमोर म्हटलं मी, कूलरसमोर नाही. कूलरची हवा गार असली तरी ओली असते.