भरती किती वाजता?

(रेवदंड्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडे परका माणूस उतरला की काय होतं ते तुम्हाला मी काय सांगायचं! १४७० च्या आसपास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझकडून गलबतानं आपल्या चौलला उतरला. बरोबर विकायला आणलेला एक घोडा. त्याचं स्मारक इथेच गावात, शाळेच्या आवारात आहे. येता-जाता दिसतं, म्हणून कुणी बघत नाही. त्यानं लिहून ठेवलंय, इथली माणसं उघडीबोडकी हिंडतात, आणि मी जाईन तिथे गोरा माणूस बघायला घोळका मागे लागतो. चौलची जकात, गोदामं, कापड हे सगळं नंतर. थंडीत कुडकुडलेल्या मुलखातून आलेल्या माणसाला आधी दिसले ते आपले उघडे खांदे.

मी इस्तंबूलला गेलो तेव्हा हा गृहस्थ डोक्यात होताच. मुलगी तिथे नोकरीला आहे, तिच्याकडे गेलो होतो. पहिला दिवस मी धरतच नाही. विमानतळावर काय दिसणार? फरशी, रांग आणि आपल्या बॅगेसारख्याच शंभर बॅगा. दीड कोटीच्या वर वस्तीचं शहर, पण मोटारीच्या काचेतून ते कुठल्याही शहरासारखंच दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमिनोन्यूच्या धक्क्यावर गेलो, काडिकॉयची फेरी पकडायला. म्हणजे युरोपातून आशियात, वीसेक मिनिटांत. आता मधल्या बॉस्फरस सामुद्रधुनीच्या खालून २०१३ पासून रेल्वेही जाते, पण मी पडलो रेवसचा लाँचवाला प्रवासी, बोगद्यात कशाला शिरू? समोर मशिदींचे घुमट, मिनार, सगळं चित्रातल्यासारखं. आणि मी बघत होतो कुठे, तर खाली. धक्क्याची भिंत आणि पाणी. भिंतीवर ओल्या चिखलाचा पट्टाच नाही! आपल्या कुठल्याही धक्क्यावर तो असतो, पुरुषभर उंचीचा, त्यावर कालवं चिकटलेली. इथे पाणी जेमतेम हातभर खाली, आणि तिथवर भिंत कोरडी.

मी मुलीला विचारलं, "भरती किती वाजता गं?"

"बाबा, इथे भरती नसते."

मला खोटंच वाटलं. भरती नाही असा समुद्र? आपलं अख्खं आयुष्य तिथीवर चाललेलं. ओहोटीला रेवसला गाळ वर आला की लाँच खोळंबते, मग धक्क्यावर बसून शेंगा खायच्या. मुंबईच्या बाजूला मोठ्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. भूमध्य समुद्र आणि त्याला जोडलेलं हे पाणी जवळजवळ बंदिस्त, म्हणून तिथे भरती-ओहोटी नावापुरती. त्याऐवजी बॉस्फरसला प्रवाह आहे, तोही दुहेरी. काळ्या समुद्रात मोठमोठ्या नद्यांचं पाणी येतं, ते वरच्या थरातून दक्षिणेकडे वाहतं. खालच्या थरातून जास्त खारं, जड पाणी उलटं उत्तरेकडे जातं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच जाणवलं की इथली माणसं घड्याळ बघून फेरीला येतात, चंद्र बघून नाही. परदेश म्हणजे काय ते मला तिथे कळलं, घुमट बघून नव्हे.

बाकी फेरी आपलीच. खलाशानं दोर फेकला, खुंट्याला दोन वेढे दिले, आणि फळी नीट टेकायच्या आत चार जण उड्या मारून पार. सीगल मागे लागलेले. मांडव्याच्या लाँचवर हिवाळ्यात आपण त्यांना गाठ्या टाकतो, तिथे तीळ लावलेल्या पावाच्या कड्याचे तुकडे. चहा छोट्या कमरेच्या काचेच्या पेल्यात, बिनदुधाचा. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. निकितिनमागे घोळका होता. माझ्यामागे फक्त सीगल, तेही पावासाठी. थोडं वाईट वाटलं, खरं सांगतो.

परतताना गलाता पुलावर थांबलो. कठड्याला माणसं खेटून उभी, प्रत्येकाच्या हातात गळ. एका म्हाताऱ्याच्या बादलीत बोटभर लांबीचे चंदेरी मासे होते. मी वाकलो, एक उचलला आणि सवयीनं अंगठ्यानं कल्ला वर करून बघितला, लाल आहे का. म्हातारा आधी दचकला, मग असा हसला की शेजारचे चौघे वळून बघायला लागले.

मुलगी लाजून म्हणाली, "बाबा, तो मासा अजून जिवंत आहे."