ढिगातला पैसा कोणाचा?

(आर्वी तालुक्यातील एका गावाच्या वाचनालयात एका निवृत्त गणित शिक्षकांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, फलकावर ‘पत्त्यांचे गणित’ असे लिहिल्यामुळे आज नेहमीपेक्षा गर्दी अधिक आहे, आणि त्यातील निम्मी गणितासाठी आलेली नाही, हे मला मागच्या रांगेकडे पाहून कळते. त्या रांगेला आधीच सांगतो, की 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळही 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत, आणि म्हणूनच या टेबलावर नाण्यांऐवजी सरकीचे दाणे मांडले आहेत.

हा विषय परदेशातून आला, असे कोणी समजू नये. नदीपलीकडे कौंडिण्यपूर आहे. दमयंतीचे माहेर तेच, असे आपण मानतो. द्यूतात राज्य घालवलेला नळ बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला आणि त्याला घेऊन विदर्भाकडे निघाला. वाटेत राजाने बेहड्याच्या झाडाकडे नजर टाकून दोन फांद्यांवर 2,095 फळे असल्याचे सांगितले, नळाने रथ थांबवून ती मोजली आणि संख्या बरोबर निघाली. मग अश्वविद्येच्या बदल्यात त्याने राजाकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, घेतली. वनपर्वातील ही कथा कीर्तनकार दमयंतीच्या विरहासाठी सांगतात. माझ्यासारख्या माणसाला मात्र त्यात एवढेच दिसते, की फासे समजून घेण्याची वाट मोजणीतून जाते. युरोपात पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांनी 1654 मध्ये एकमेकांना जी पत्रे लिहिली, त्यांतही प्रश्न जुगाराचाच होता: डाव अर्धवट मोडला, तर मधले पैसे कसे वाटायचे? शेवटच्या एसटीची वेळ पाहता तो प्रश्न आज आपल्यालाही लागू पडणार आहे.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण मी हा विषय पुस्तकातून शिकलो नाही. नोकरी नवी होती, गणिताची पदवी ताजी होती आणि पोळ्याचा दिवस होता. तोरणाखालून बैल घरी आले, पुरणपोळ्या झाल्या आणि रात्री एका गोठ्यात कंदिलाच्या उजेडात तीन पत्तीचा फड बसला. माझ्याकडे राजाची जोडी आली. मी चाल करत गेलो, समोरचाही करत गेला, आणि माझे चाळीस रुपये आत गेल्यावर माझ्या मनाला शंकेने ग्रासले. तरीही ‘एवढे आत गेले, आता सोडायचे कसे?’ असे म्हणून मी आणखी साठ रुपये टाकले, शो मागितला आणि समोरच्याने सिक्वेन्स, म्हणजे जोडीला हरवणारे ओळीचे तीन पत्ते, उघडला. त्या काळी शंभर रुपये हरलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गात व्याजाचे गणित कोणत्या तोंडाने शिकवतो, हे मला विचारू नका.

शेजारी एक सालदार बसला होता. चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस प्रत्येक चालीआधी स्वतःच्या पत्त्यांवरून नजर काढून मधल्या ढिगाकडे पाहायचा, ओठ हलवायचा आणि बहुतेक वेळा पत्ते टाकून द्यायचा. मला वाटायचे, तो देवाचे नाव घेतो आहे. डाव संपल्यावर तो म्हणाला, “गुर्जी, ढिगात चार मुठी हायेत अन् आपल्याले एक टाका लागते, पाच डावात एक डाव आपला आला त बरोबरी. तुमचे चाळीस रुपये त तुमचे राह्यलेच नाईत.” पोकर खेळणारे ज्याला ‘पॉट ऑड्स’ म्हणतात, ते संपूर्ण शास्त्र या दोन वाक्यांत आहे, आणि मला ते शंभर रुपयांत मिळाले.

त्यातले दुसरे वाक्य पचायला जड आहे, आणि माझी खरी तक्रार तिथेच आहे. पाऊस दडी मारतो, पेरलेले मोडते आणि दुबार पेरणीचा प्रश्न उभा राहतो, तेव्हा आपण ‘पहिल्या बियाण्याला एवढा खर्च झाला’ यापासूनच हिशेब मांडतो. तो खर्च ढिगात गेला. आता किती टाकायचे, किती येऊ शकते आणि येण्याची शक्यता किती, एवढेच प्रश्न शिल्लक राहतात. पावसाची गड्डी किती पत्त्यांची, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते, म्हणून आपण पत्त्यांकडेच वळू. अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. तेव्हा जे सांगायला आलो होतो, ते आता घाईने सांगतो.

पोकरच्या टेक्सास होल्डेम या प्रकारात हाती दोन पत्ते असतात आणि टेबलावर सामाईक पाच उघडतात: आधी तीन, मग एक, मग एक. या सातांत एकाच प्रकारचे पाच पत्ते जमले, तर डाव बहुतेक आपला. तुमच्या हाती दोन बदाम आहेत आणि पहिल्या तिनांत आणखी दोन आले, म्हणजे एकच बदाम हवा. तेरांपैकी नऊ बदाम उरले आणि न दिसलेले पत्ते 47. म्हणजे पुढच्याच पत्त्यावर बदाम येण्याची शक्यता साधारण 19 टक्के. ढिगात 60 दाणे होते, समोरच्याने 30 टाकले. आता 90 मिळवण्यासाठी तुम्हाला 30 टाकायचे आहेत. तुमचे धरून ढीग 120 चा होतो; 30 ला 120 ने भागा, 25 टक्के येतात. हाताशी 19, गरज 25. पत्ते टाकून द्या. त्याने 15 च टाकले असते, तर 15 भागिले 90, म्हणजे 17 टक्क्यांहून थोडे कमी. मग चाल करा.

“हरण्याची शक्यताच जास्त, मग चाल कशाला?” असे पहिल्या रांगेतून विचारले गेले. बदाम लागला की डाव तुमचा, आणि पुढे कोणी काही टाकत नाही, असे धरा. 15 दाण्यांच्या चालीवर 47 डावांत 9 वेळा 75 मिळतात, म्हणजे 675; 38 वेळा 15 जातात, म्हणजे 570. शिल्लक 105. तीच चाल 30 ची असेल, तर 810 येतात आणि 1,140 जातात. उरलेले दोन्ही पत्ते याच एका चालीत पाहायला मिळणार असतील, तर शक्यता 35 टक्क्यांवर जाते. पण मध्ये पुन्हा दाणे टाकावे लागणार असतील, तर तो आकडा धरू नका. नवशिके नेमके तिथेच फसतात.

आता एवढेच. तुम्ही 15 टाकलेत, ढीग 90 चा झाला, चौथा पत्ता बदाम निघाला नाही, आणि समोरच्याने 30 टाकले. गरज 30 भागिले 150, म्हणजे 20 टक्के. हाताशी 46 पैकी 9, म्हणजे 19.6. आकडा सोडा म्हणतो. पण बदाम लागल्यावर समोरचा शेवटच्या फेरीत सरासरी चार दाणे जरी आणखी देणार असेल, तर चाल परवडते. तो देईल की नाही, हे पत्त्यांवरून कळत नाही, त्याच्या तोंडाकडे पाहावे लागते, आणि तिकडे कंडक्टरने दुसऱ्यांदा घंटी दिली आहे.